रक्तगट निगेटिव्ह आहे? मग ही तारीख विसरू नका

तामिळनाडूतल्या कुंभकोणमहून साधारण वीस किलोमीटरवर तिरुक्करुकावूर नावाचं गाव आहे. तिथे गर्भरक्षांबिकेचं देऊळ आहे. नावातच सगळं आलं. गर्भाचं रक्षण करणारी ती अंबिका. मूल व्हावं म्हणून नवराबायको इथून तुपाचा प्रसाद नेतात. बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून गर्भवती एरंडेल तेल नेते आणि कळा सुरू झाल्या की ते पोटावर लावते. दक्षिणेच्या यात्रेला गेलेल्या मराठी सासवा आणि आयाही इथे हमखास थांबतात, सुनेसाठी किंवा लेकीसाठी हात जोडतात.

याच भागात सातव्या महिन्यात ‘वळैकाप्पु’ होतं. आपलं डोहाळजेवण तसं त्यांचं वळैकाप्पु. गर्भवतीच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या भरतात. त्यांची किणकिण पोटातल्या बाळाला ऐकू जाते असं म्हणतात. कार्यक्रम झाला की लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी निघते.

आता थोडं थांबा आणि विचार करा. सातवा महिना म्हणजे आठवड्यांच्या हिशेबात जवळपास अठ्ठावीस आठवडे. ज्या गर्भवतीचा रक्तगट निगेटिव्ह आहे, तिला एक महत्त्वाचं इंजेक्शन घ्यायचं असतं ते नेमकं याच सुमारास. त्याच दिवसांत घरात डोहाळजेवणाची गडबड असते, बॅगा भरल्या जात असतात, रेल्वेची तिकिटं काढलेली असतात. सासरचे डॉक्टर समजतात की आता माहेरचे डॉक्टर बघतील. माहेरच्या डॉक्टरांना वाटतं की हे तर आधीच झालं असेल. आणि इंजेक्शन राहून जातं.

त्या बाळंतपणात काही बिघडत नाही. बाळ गुटगुटीत, आई ठणठणीत. चूक झाली होती हे कळतं दुसऱ्या खेपेला, आणि तेव्हा ती सुधारता येत नाही. म्हणूनच हा लेख तुमच्यासाठी. तुमचा रक्तगट पॉझिटिव्ह असला तरी वाचा, कारण तुमच्या सुनेचा, नणंदेचा, भावजयीचा किंवा शेजारणीचा निगेटिव्ह असू शकतो.

आरएच म्हणजे नेमकं काय?

रक्तगट सांगताना आपण दोन गोष्टी एकदम सांगतो. ए, बी, एबी किंवा ओ ही पहिली. पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ही दुसरी. ही दुसरी गोष्ट म्हणजे आरएच. रक्तातल्या तांबड्या पेशींवर ‘डी’ नावाचं एक प्रथिन असतं. ते असेल तर तुम्ही आरएच पॉझिटिव्ह, नसेल तर आरएच निगेटिव्ह. एवढंच.

प्रथिन नसणं हा आजार नव्हे, अशक्तपणा नव्हे आणि दोष तर मुळीच नव्हे. भारतात शंभरातले साधारण पाच जण आरएच निगेटिव्ह असतात. युरोपीय वंशाच्या लोकांत हेच प्रमाण पंधराच्या आसपास आहे. ही माणसं आपल्यासारखीच जगतात, धावतात, रक्तदानही करतात. प्रश्न उभा राहतो तो दोनच वेळी. निगेटिव्ह व्यक्तीला चुकून पॉझिटिव्ह रक्त दिलं गेलं तर, किंवा निगेटिव्ह आईच्या पोटात पॉझिटिव्ह बाळ असेल तर.

कोणी काळजी घ्यायची, कोणी नाही?

इथे घरोघरी गोंधळ होतो, म्हणून सरळ मांडू.

आई पॉझिटिव्ह असेल, तर नवऱ्याचा गट कोणताही असो, आरएचची ही अडचण येत नाही.

आई निगेटिव्ह आणि वडीलही निगेटिव्ह असतील, तर बाळ निगेटिव्हच होणार. तिथेही अडचण नाही. मात्र नवऱ्याचा गट ‘बहुतेक निगेटिव्हच आहे’ असं आठवणीवर सांगू नका. तपासून, कागदावर लिहून घ्या.

आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील, तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. आपण बोलतोय ते या जोडप्यांबद्दल. वडिलांना त्यांच्या आई आणि वडील अशा दोघांकडूनही पॉझिटिव्ह जनुक मिळालं असेल, तर प्रत्येक मूल पॉझिटिव्ह होतं. एकाकडूनच मिळालं असेल, तर प्रत्येक खेपेला निम्मी निम्मी शक्यता असते. म्हणजे पहिलं मूल निगेटिव्ह झालं म्हणून दुसरंही तसंच होईल याची खात्री नसते.

पहिलं बाळ सुखरूप, मग दुसऱ्यालाच त्रास का?

आईचं आणि बाळाचं रक्त गर्भात एकत्र मिसळत नाही. मध्ये वार असते. वारेतून अन्न आणि प्राणवायू जातो, रक्तपेशी सहसा जात नाहीत. पण प्रसूतीच्या वेळी वार सुटते तेव्हा बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात शिरतं. कधीकधी शेवटच्या तीन महिन्यांतही थोडं शिरतं, आणि ते कोणाला जाणवतही नाही.

बाळ पॉझिटिव्ह असेल तर आईच्या शरीराला त्या पेशींवर ‘डी’ दिसतं. हे तिने कधी पाहिलेलं नसतं. घरात अनोळखी माणूस शिरला तर आपण जे करू तेच तिची प्रतिकारशक्ती करते. त्या पेशींविरुद्ध अँटीबॉडी तयार करते. या कामाला आठवडे लागतात. तोवर बाळ जन्मून पाळण्यात झोपलेलं असतं. म्हणून पहिलं बाळ बहुतेक वेळा सुटतं.

पण प्रतिकारशक्ती विसरत नाही. गोवराची लस एकदा घेतली की शरीर वर्षानुवर्षं गोवर ओळखतं, तसंच हे. पुढच्या गर्भारपणात बाळ पुन्हा पॉझिटिव्ह असेल, तर साठवून ठेवलेली ही माहिती जागी होते. या वेळच्या अँटीबॉडी संख्येने जास्त असतात आणि आकाराने इतक्या लहान की वारेतून पलीकडे जाऊ शकतात. बाळाच्या तांबड्या पेशी त्या फोडत राहतात. बाळाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन घटतं, हृदयावर ताण येतो, अंगात आणि पोटात पाणी साठतं. वेळेत उपचार झाले नाहीत तर बाळ पोटातच दगावू शकतं. जन्मलं तर पहिल्याच दिवशी जोराची कावीळ होते.

जुन्या पिढीत ‘तिला पहिलं मूल लाभलं, पुढची राहिली नाहीत’ अशा कहाण्या ऐकू येत. त्यातल्या काहींमागे हेच कारण असणार. दोष मात्र बाईच्या नशिबाला किंवा पायगुणाला दिला गेला.

कोडं उलगडलं कसं?

१९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलिप लेव्हिन आणि रूफस स्टेट्सन या डॉक्टरांनी एका बाईची हकिकत प्रसिद्ध केली. तिचं बाळ मृत जन्मलं होतं. रक्तस्राव झाला म्हणून तिला नवऱ्याचं रक्त दिलं, तर तिला भयंकर रिअॅक्शन आली. दोघांचाही गट ओ होता, तरी असं झालं. म्हणजे ए, बी, ओ यांच्यापलीकडे रक्तात आणखी काहीतरी आहे. पुढच्याच वर्षी कार्ल लँडस्टायनर आणि अलेक्झांडर वीनर यांनी ऱ्हीसस जातीच्या माकडांच्या रक्तावर काम करताना सापडलेला घटक जाहीर केला. ‘ऱ्हीसस’ या नावातूनच ‘आरएच’ ही अक्षरं आली.

कारण कळलं, पण उपाय सापडायला आणखी पाव शतक गेलं. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलला सिरिल क्लार्क आणि रोनाल्ड फिन, तर न्यूयॉर्कला फ्रेडा, गॉर्मन आणि पोलॅक असे दोन गट एकाच वेळी एकाच कल्पनेवर काम करत होते. कल्पना उलटी वाटावी अशी होती. ज्या अँटीबॉडीची भीती, तीच थोडी बाहेरून आईला द्यायची. ती आईच्या रक्तात शिरलेल्या बाळाच्या पेशी लगेच साफ करून टाकते. आईच्या प्रतिकारशक्तीला त्या पेशींची ओळखच होत नाही, त्यामुळे ती स्वतःची अँटीबॉडी बनवत नाही. बाहेरून दिलेली अँटीबॉडी काही आठवड्यांत विरून जाते. पाहुणा येण्याआधीच दार लावून घेण्यासारखं हे आहे. १९६८ मध्ये अमेरिकेत या इंजेक्शनला परवानगी मिळाली. हेच ‘अँटी-डी’.

हे औषध पहिल्यांदा बनलं ते माणसांच्या रक्तातून. ज्यांच्या रक्तात ही अँटीबॉडी असते, असे लोक आपला प्लाझ्मा देतात. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांचं नाव यात कायम घेतलं जातं. चौदा वर्षांचे असताना छातीचं मोठं ऑपरेशन झालं, तेव्हा अनोळखी लोकांच्या रक्ताने ते वाचले. मोठे झाल्यावर ते स्वतः रक्तदान करू लागले आणि त्यांच्या रक्तात अँटी-डी असल्याचं आढळलं. २०१८ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी थांबेपर्यंत त्यांनी ११७३ वेळा दान केलं. त्यांच्या प्लाझ्मातून बनलेल्या औषधाचा लाभ चोवीस लाख बाळांना झाला असं तिथली रक्तसेवा मानते. २०२५ च्या फेब्रुवारीत ते गेले. आता भारतात प्लाझ्मापासून बनवलेलं आणि प्रयोगशाळेत पेशी वाढवून बनवलेलं, असं दोन्ही प्रकारचं अँटी-डी मिळतं.

रक्तगटांच्या अभ्यासात आपल्या मुंबईचंही नाव आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अतिशय दुर्मिळ रक्तगट जगापुढे आणला. त्याला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणतात. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात १९५७ पासून रक्तगटांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. बॉम्बे गट आणि आरएच निगेटिव्ह यांत गल्लत करू नका. दोन्ही गोष्टी पूर्णपणे वेगळ्या आहेत.

इंजेक्शन कधी घ्यायचं?

तुमचा गट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल, तर या पायऱ्या लक्षात ठेवा.

पहिल्याच तपासणीत तुमचा रक्तगट तपासला जातो. त्यासोबत ‘इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट’, म्हणजे आयसीटी करून घ्या. तुमच्या रक्तात अँटीबॉडी आधीपासून आहे का, हे त्यातून कळतं. उत्तर ‘निगेटिव्ह’ आलं तर उत्तम. त्याचा अर्थ अँटीबॉडी नाही, अजून बचाव करता येतो.

अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास आयसीटी पुन्हा होते आणि मग अँटी-डीचा पहिला डोस दिला जातो. क्रम महत्त्वाचा आहे. रक्त आधी काढायचं, इंजेक्शन नंतर. इंजेक्शन आधी घेतलं तर बाहेरून आलेली अँटीबॉडी तपासणीत दिसते आणि उगाच घबराट होते.

बाळंतपणानंतर बाळाच्या नाळेतलं रक्त तपासतात. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर आईला ७२ तासांच्या आत पुन्हा डोस द्यायचा. नेहमीचा डोस ३०० मायक्रोग्रॅमचा असतो आणि तो दंडात किंवा मांडीत देतात. बाळ निगेटिव्ह असेल तर या डोसची गरज नाही.

७२ तास उलटून गेले तर? ‘आता काय उपयोग’ म्हणून सोडून देऊ नका. उशीर झाला तरी लवकरात लवकर घ्या. दहा दिवसांपर्यंत थोडाफार उपयोग होतो आणि काही मार्गदर्शक सूचना तर अठ्ठावीस दिवसांपर्यंतही द्यायला सांगतात. पण तो नाइलाजाचा मार्ग आहे, ठरवून उशीर करण्याचा नाही.

या दोन डोसांनी किती फरक पडतो पाहा. काहीच केलं नाही आणि आई व बाळाचा एबीओ गट जुळणारा असेल, तर शंभरातल्या साधारण सोळा निगेटिव्ह मातांच्या शरीरात पॉझिटिव्ह बाळानंतर अँटीबॉडी तयार होते. फक्त बाळंतपणानंतरचा डोस दिला तर हे प्रमाण दोनच्या आसपास येतं. सातव्या महिन्यातलाही डोस दिला तर ते शंभरात एकाहूनही खूप खाली जातं. म्हणून सातव्या महिन्याचा डोस हा जादाचा खर्च समजू नका.

दंड दुखणं, किंचित ताप येणं एवढाच त्रास बहुतेकींना होतो. बाळाला यापासून धोका नाही. आई अंगावर पाजू शकते.

जे घरात बोललं जात नाही

अँटी-डी फक्त बाळंतपणाशी जोडलेलं आहे असा समज आहे. तो खरा नाही. बाळाचं रक्त आईच्या रक्तात शिरू शकेल अशा प्रत्येक प्रसंगी डॉक्टरांना विचारायला हवं. गर्भपात झाला, दिवस असताना अंगावरून रक्त गेलं, गर्भ नळीत राहिला, पोटावर पडलात, गाडीचा अपघात झाला, पोटातून पाणी काढून तपासणी झाली, आडवं बाळ बाहेरून फिरवलं किंवा बाळ पोटातच गेलं. अशा प्रत्येक वेळी ‘माझा गट निगेटिव्ह आहे’ हे सांगायलाच हवं.

बारा आठवड्यांच्या आतल्या गर्भपातात डोस द्यावा की नाही, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये त्याची गरज नाही असं म्हटलं. आपल्याकडचे अनेक डॉक्टर तो अजूनही देतात. हा निर्णय डॉक्टरांवर सोडा. पण निर्णय घ्यायला त्यांना ही गोष्ट माहीत तर हवी.

अडतं ते इथेच. कुणी मेडिकलमधून गोळ्या आणून गुपचूप घरीच गर्भपात करतं. लग्नाआधीची गोष्ट असते, किंवा ‘दोन मुलांमध्ये अंतर हवं होतं’ एवढंच कारण असतं. रक्तगट कोणी विचारत नाही. किती आठवडे झाले होते तेही नक्की माहीत नसतं. पुढे हवंहवंसं बाळ पोटात असताना आयसीटी पॉझिटिव्ह येते आणि कोणालाच काही समजत नाही. तुमच्याबाबतीत असं काही झालं असेल तर डॉक्टरांना एकटीने भेटा आणि खरं सांगा. सासूबाईंना सांगायचं की नाही, ते नंतर ठरवा.

फाइलचा प्रवास

आता पुन्हा कुंभकोणमला येऊ. या भागात मराठी काही नवी नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरला भोसल्यांचं राज्य आणलं, तेव्हापासून इथे मराठी घरं आहेत. त्यांच्या मराठीत तमिळ मिसळली, पण घरात ती अजून बोलली जाते. नंतरच्या काळात सांगलीच्या खानापूर आणि आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक सोनं गाळायच्या धंद्यानिमित्त दक्षिणेतल्या गावोगावी गेले. सराफ बाजाराच्या आसपास त्यांची बिऱ्हाडं दिसतात.

समजा, अशाच एका घरातली सून कुंभकोणमला आहे आणि तिचं माहेर विट्याजवळ आहे. सातव्या महिन्यात तिला हजारेक किलोमीटरचा प्रवास करून माहेरी जायचं आहे. कुंभकोणमला तिची नोंद सरकारी यादीत झालेली असते. तामिळनाडूत गर्भवतीची नोंद संगणकावर होते आणि तो क्रमांक पुढे बाळाच्या जन्मदाखल्यालाही लागतो. पण विट्याच्या डॉक्टरांसमोर तो संगणक नसतो. त्यांच्यासमोर असते ती फक्त ही मुलगी, आणि तिच्या हातातली पिशवी. त्या पिशवीत काय आहे यावर सगळं अवलंबून असतं.

म्हणून प्रवासाआधी चार कागद एका प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला. तुमच्या आणि नवऱ्याच्या रक्तगटाचा रिपोर्ट. आयसीटीचा रिपोर्ट, तारखेसह. अँटी-डी घेतलं असेल तर त्याची तारीख, डोस आणि बाटलीवरचं लेबल. सोनोग्राफीचे रिपोर्ट. सगळ्यांचे फोटो मोबाइलमध्ये काढा आणि आईच्या व नवऱ्याच्या मोबाइलवरही पाठवून ठेवा. सातव्या महिन्याचा डोस निघण्याआधीच घेता आला तर सर्वांत चांगलं. डोहाळजेवणाचा मुहूर्त काढता, त्याच दिवशी कॅलेंडरवर इंजेक्शनचीही तारीख लिहून ठेवा.

भाषेची अडचण आहे असं वाटत असेल तर एवढं लक्षात ठेवा. ‘ओ निगेटिव्ह’ हे दोन शब्द तमिळमध्येही तसेच म्हणतात आणि मराठीतही. नर्सबाई काय बोलल्या ते कळलं नाही तरी हे दोन शब्द तुम्ही प्रत्येक वेळी म्हणा.

दोनशे वर्षांपूर्वी तंजावरचे सरफोजी राजे दुसरे यांच्या काळात डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी चित्रांसह लिहून ठेवल्या जात. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात त्या आजही जपलेल्या आहेत. त्या काळी राजाच्या दरबारात जे होत होतं, ते आपल्याला एका प्लॅस्टिकच्या पाकिटात सहज जमेल.

आणखी एक गोष्ट. छत्तिसाव्या आठवड्यात दवाखान्यात विचारून ठेवा की अँटी-डी त्यांच्याकडे असतं का. लहान दवाखान्यात ते ऐनवेळी नातेवाइकांना आणायला सांगतात आणि रविवारी किंवा सणाच्या दिवशी दुकानं बंद असतात. हे औषध दोन ते आठ अंश तापमानात ठेवावं लागतं, म्हणून फ्रिज असलेल्या दुकानातूनच घ्या आणि बर्फाच्या डब्यातून आणा. मात्र ते गोठू देऊ नका. औषध महाग आहे, पण ते आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. सरकारी रुग्णालयात बाळंतपण आणि त्यासाठीची औषधं मोफत देण्याची योजना २०११ पासून आहे. तिथे अँटी-डी मागताना संकोच करू नका.

अँटीबॉडी आधीच तयार झाली असेल तर?

आयसीटी पॉझिटिव्ह आली तर इंजेक्शनचा उपयोग नसतो. दार उघडल्यावर कडी लावून काय होणार? पण याचा अर्थ सगळं संपलं असा नाही. आता बचावाऐवजी देखरेख करायची.

अँटीबॉडी किती आहे हे दर काही आठवड्यांनी मोजतात. प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं, साधारणपणे १:१६ किंवा १:३२ झालं, की बाळाच्या मेंदूतल्या एका रक्तवाहिनीतला रक्ताचा वेग डॉप्लर सोनोग्राफीने बघतात. रक्त पातळ झालं की वेग वाढतो. त्यामुळे सुई न टोचताही बाळाचं रक्त कमी झालंय का ते कळतं.

वेग जास्त असेल तर बाळाला आईच्या पोटातच रक्त देता येतं. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत नाळेतल्या शिरेत बारीक सुई घालतात आणि ओ निगेटिव्ह रक्त देतात. गर्भातल्या बाळाला रक्त देण्याची सुरुवात न्यूझीलंडच्या विल्यम लायली यांनी १९६३ मध्ये केली. आज चेन्नई, मुंबई, पुण्यासारख्या शहरांत असे तज्ज्ञ आहेत. कुंभकोणमहून चेन्नई तीनशे किलोमीटरवर आहे. म्हणून ही नावं आठव्या महिन्यात शोधायची नाहीत. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला त्याच आठवड्यात शोधायची. योग्य हातांत अशी बहुतेक बाळं वाचतात.

बाळ जन्मल्यावर

निगेटिव्ह आईच्या बाळाचा रक्तगट, हिमोग्लोबिन, बिलिरुबिन आणि ‘डायरेक्ट कूम्ब्स टेस्ट’ नाळेच्या रक्तातून होते. नाळेचं रक्त घ्यायचं विसरू नये म्हणून प्रसूतिगृहात जाण्याआधीच आठवण करून द्या.

नवजात बाळांना तिसऱ्या दिवसाच्या सुमारास थोडी कावीळ होते, ती बहुतेक वेळा आपोआप जाते. पण पहिल्या चोवीस तासांत बाळ पिवळं दिसलं तर ते कधीच साधं समजू नका. आजी म्हणेल, ‘कोवळ्या उन्हात धरा, बरं होईल.’ आजीच्या मायेचा मान ठेवा, पण बाळाला लगेच डॉक्टरांकडे न्या. बिलिरुबिन खूप वाढलं तर ते मेंदूत शिरतं. मग ऐकू न येणं, हातपाय आखडणं असे कायमचे दोष राहतात. निळ्या प्रकाशाखाली ठेवून आणि गरज पडली तर रक्त बदलून हे टाळता येतं. वेळेत पोहोचलं पाहिजे, एवढंच. बाळ सुस्त झालं, दूध ओढेना, किंचाळून रडू लागलं तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. हा क्रमांक महाराष्ट्रात आणि तामिळनाडूत, दोन्हीकडे चालतो.

आईचा गट ओ आणि बाळाचा ए किंवा बी असेल तरीही कावीळ होऊ शकते, तीही पहिल्याच बाळाला. ती बहुधा सौम्य असते. तिच्यासाठी टोचायचं इंजेक्शन नाही, पण लक्ष ठेवावं लागतं.

काही गैरसमज

‘मुलगी निगेटिव्ह आहे, स्थळ नको.’ असं म्हणू नका. एका इंजेक्शनने सुटणाऱ्या प्रश्नासाठी चांगलं स्थळ का मोडायचं? पत्रिकेबरोबर रक्तगट बघायचाच असेल तर नकार देण्यासाठी नको, पुढची तयारी करण्यासाठी बघा.

‘पहिल्या वेळी काही झालं नाही, म्हणजे आपल्याला गरज नाही.’ पहिल्या वेळी काही होत नाही, हेच तर या गोष्टीचं लक्षण आहे. प्रत्येक खेपेला डोस नव्याने घ्यावा लागतो.

‘आता मूल नकोच, मग कशाला खर्च?’ माणसाचे बेत बदलतात. शिवाय पुढे कधी अपघातात रक्त लागलं तर अँटीबॉडी अडचणीची ठरते.

‘मुलगी लहान आहे, तिचा गट कशाला बघायचा?’ अवश्य बघा. निगेटिव्ह मुलीला चुकूनही पॉझिटिव्ह रक्त दिलं जाऊ नये. तिच्या आईपणाची काळजी तेव्हापासूनच घ्यायची असते.

आज एवढं करा

घरात कोणाला दिवस गेले असतील तर तिची फाइल आज उघडा. रक्तगटाच्या पुढे वजाचं चिन्ह आहे का बघा. असेल तर नवऱ्याचा गट विचारा, आयसीटीची तारीख बघा आणि अठ्ठाविसावा आठवडा कधी येतो ते मोजा.

तिरुक्करुकावूरला जाणार असाल तर जरूर जा. एरंडेलाची बाटली आणा, डोहाळजेवण थाटात करा, हातभर हिरव्या बांगड्या भरा. फक्त माहेरी निघताना त्या बांगड्या भरलेल्या हातात ते प्लॅस्टिकचं पाकीट आहे ना, एवढं दारातून एकदा विचारा.